किनवटच्या डोंगरात सोयरीक

भूगोल शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. नांदेड जिल्ह्याचा नकाशा फळ्यावर काढताना वरच्या टोकाला, पैनगंगेच्या कडेने, मी दरवर्षी हिरवा खडू फिरवायचे. किनवट आणि माहूर, डोंगराळ आणि जंगली भाग, मुख्य उत्पादन साग, बांबू आणि तेंदूपाने. पोरं लिहून घ्यायची आणि आम्ही पुढच्या धड्याला लागायचो. खरं सांगायचं तर किनवट मी कधी पाहिलं नव्हतं. लातूरच्या माणसाला तिकडे जायचं कारण पडत नाही. देवीला म्हणून लोक माहूरला जातात, पण ते देवी बघून परत येतात.

यंदा चैत्रात मला कारण पडलं. माझ्या थोरल्या भावाच्या मुलासाठी, बालाजीसाठी, तिकडचं एक स्थळ आलं. भाऊ म्हणजे आमचा दादा, माधवराव, चाकूर तालुक्यात काळ्या मातीची बरी शेती असलेला माणूस. बालाजी त्याचा एकुलता एक. बी.ए. झालेला, निर्व्यसनी, सोयाबीन आणि तुरीत राबणारा, आणि वय चौतीस. आमच्याकडच्या वाचकांना यापुढे काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. शेती करणाऱ्या मुलाला आमच्याकडे कुणी मुलगी देत नाही. मुलीचा बाप स्वतः शेतकरी असला तरी त्याला जावई पुण्यात पगारी लागतो. बालाजीला इतके नकार आले होते की वहिनीने पोहे खायलाच नको म्हणून मुलगी बघायला जाणं सोडून दिलं होतं. म्हणून वहिनीच्या जागी मी निघाले.

मुलीच्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. सोयरिकीच्या गोष्टीत गाव छापलं की दोन्हीकडच्या भावकीला काम मिळतं.

मुदखेडच्या पुढे

दादाची जुनी जीप, दादा चालवणार, बालाजी शेजारी, मी मागे धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन. अहमदपूर, लोहा, नांदेड हा रस्ता आमच्या पायाखालचा. मुदखेडला फाटकात अडकलो. आदिलाबादकडे जाणारी रेल्वे इथूनच फुटते आणि पुढे किनवटवरून जाते. फाटक उघडेपर्यंत धपाटे आणि दही संपलं. दादाने तोंड पुसून मला बजावलं, "कमल, तिथं गेल्यावर मास्तरीणबाईगत लई बोलू नको. मी बोलतो."

भोकरपर्यंत जमीन आमच्यासारखीच उघडीबोडकी. हिमायतनगरच्या पुढे मात्र रस्त्याला वळणं लागली आणि दोन्ही बाजूंनी टेकड्या जवळ आल्या. पुस्तकात आम्ही त्यांना सातमाळ्याच्या रांगा म्हणायचो. उंची म्हणावी तर काही नाही, सह्याद्रीवाला माणूस हसेल. पण या टेकड्यांवर झाडं आहेत, आणि आमच्याकडच्या टेकडीवर मोबाईलचा टॉवर असतो. साग निष्पर्ण उभा होता, पळस फुलून ओसरला होता. मधूनमधून कापसाच्या पऱ्हाट्या काढलेली शेतं, तांड्यांची घरं, एखादी आश्रमशाळा.

दादाच्या हट्टाने सहस्रकुंडाला थांबलो. चैत्रातला धबधबा म्हणजे काळ्या खडकावरून उतरणाऱ्या दोन-तीन बारीक धारा. बालाजी म्हणाला, "आबा, ह्यो काय धबधबा हाय का?" खालच्या डोहात पाणी होतं आणि पोरं उड्या मारत होती. एप्रिलात अंग भिजवायला पाणी बघून आमचा दादा कठड्याला टेकून अशी नजर लावून बसला, की त्याला हाक मारून उठवावं लागलं.

मुक्काम

आमच्याकडे मुलगी बघायचा कार्यक्रम म्हणजे पोहे, चहा, चार प्रश्न आणि "कळवतो". तासाभरात माणसं गाडीत. इथे गेल्या गेल्या मुलीच्या आईने सांगून टाकलं की पाहुणे दोन दिवस मुक्कामाला राहतील. दादाने आढेवेढे घेतले, तर बाई म्हणाल्या, "पोहे खाऊस्तोर समदेच चांगले दिसतेत, भाऊ. दोन दिस ऱ्हावा. आमालाबी बघू द्या." त्या बाईंशी माझं त्याच क्षणी जमलं.

मुलीचे वडील व्यंकटराव. आमच्यातलेच, मूळचे लोह्याकडचे. त्यांचा आजा निजामाच्या राजवटीत इकडे आला. जंगल तोडून रान करील त्याला जमिनीचा पट्टा मिळायचा, तसा त्याला मिळाला. तेव्हा किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं. कोर्टकचेरी आदिलाबादला, बाजार आदिलाबादचा, सावकार तेलुगू. पुढे भाषेवरून राज्यं झाली आणि किनवट नांदेडला जोडलं गेलं. "आमी हितंच बसून ऱ्हायलो, जिल्हाच आमच्याकडं आला," व्यंकटराव म्हणाले. त्यामुळे इथे एका ओसरीवर चार भाषा ऐकू येतात. घरात मराठी, शेजारी गोंडी, तांड्यावरची बाई आली की बंजारा बोली, आणि दुकानदाराशी तेलुगू. जेवायला ज्वारीच्या भाकरीबरोबर भात आणि चिंचेच्या पाण्याचं सार, त्याला ते चारू म्हणतात. दादाने ते दोनदा मागून घेतलं.

मुलगी रेणुका. सत्तावीस-अठ्ठावीसची, सावळी, आवाज खणखणीत. चहा देऊन ती खाली मान घालून बसली नाही, सरळ खुर्ची ओढून बसली. गावातल्या बायकांचा बचत गट आहे. मोहाची फुलं वाळवून, निवडून, लाडू करून विकतात. ते सगळं ती बघते. थोरला भाऊ हैदराबादला नोकरीत, तिकडेच लग्न करून राहिलेला. घरची जमीन डोंगराच्या पायथ्याशी, विहिरीला बारा महिने पाणी, पण राखायला माणूस नाही. रानडुकरं पीक लोळवून जातात. व्यंकटरावांचे गुडघे गेलेत. तरीही त्यांनी मुलगी चाकूरला द्यायची तयारी केली होती, कारण मुलगी ती द्यायचीच असते.

त्यांनी दादाला एकच गोष्ट विचारली. "पाव्हणं, तुमच्याकडं पान्याचं कसं काय?"

लातूरला आगगाडीने पाणी आणलं होतं हे सगळ्या देशाला माहीत आहे. दादा न अडखळता म्हणाला, "दोन बोअर हायेत. बारमाही."

मी दादाकडे पाहिलं. दादा आढ्याकडे बघत होता. बालाजी चहाच्या कपात.

मोहाचं झाड

गल्लीत जीप शिरेना, म्हणून दादाने संध्याकाळी ती गावाच्या टोकाला एका मोठ्या मोहाच्या झाडाखाली लावली होती. झाडाला पान नव्हतं, पण खालची जागा अशी लख्ख झाडलेली, काडी-काटा नाही. दादा खूश होऊन म्हणाला होता, "बघ, गाडी लावायची जागा कशी ठिवल्याय. आपल्या गावात हाय का असं?" मला त्यात काही वावगं दिसलं नाही. काळ्या मातीतल्या माणसाला स्वच्छ जागा मोकळीच वाटते.

सकाळी उजाडताना आरडाओरडा ऐकून आम्ही धावलो. झाडाखाली टोपली घेऊन एक म्हातारी गोंड बाई उभी होती, जंगूबाई. जीपच्या टपावर, बॉनेटवर, चाकांभोवती पिवळसर पांढरी फुलं पडलेली. मोह पहाटे गळतो. फुलं मातीत मिसळू नयेत म्हणून वेचणाऱ्या घरच्या बायका आदल्या दिवशी पाला जाळून जमीन झाडून ठेवतात. झाड कुणी लावलेलं नसतं, पण वेचायचं कुणी हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. हे झाड जंगूबाईच्या घराचं होतं. आणि आमची जुनी जीप रात्रभर त्या झाडलेल्या अंगणात तेल गाळत बसली होती. इंजिनाखाली परातीएवढा काळा डाग, त्यात बुडालेली फुलं.

जंगूबाई गोंडीत काहीतरी म्हणाली. रेणुका तोवर आली होती. तिने हसू दाबून आम्हाला सांगितलं, "ती म्हन्ते, ह्या गाडीला घर न्हाई का?"

दादाने खिशात हात घातला. आमच्याकडे नुकसान केलं की हात आधी खिशात जातो. जंगूबाईने त्या हाताकडे असं पाहिलं की तो तिथेच थांबला. बालाजीने मात्र किल्ली घेतली, जीप ढकलायला दोघांना बोलावलं आणि इंजिन सुरू न करता ती हळूहळू बाहेर काढली. मग कुठून तरी खोरं आणलं, तेलाची माती खरवडून पाटीत भरून लांब टाकली, ओढ्याकाठची चांगली माती आणून खड्डा भरला, पाणी मारून चोपला आणि वरून शेण सारवलं. पोरगा शेतकरी आहे, मातीचं काम त्याला सांगावं लागत नाही. सारवून झाल्यावर तो टोपली घेऊन जंगूबाईच्या शेजारी वेचायला बसला. मीही बसले. मास्तरीणबाईंना वाटलं होतं फुलं वेचणं म्हणजे प्राजक्त वेचणं. थोड्याच वेळात कंबर धरली. फूल गरासारखं, रसाळ, वास गोड आणि जरा डोक्यात जाणारा. तोंडात टाकलं तर मनुकेची आठवण झाली. उन्हात वाळलं की तेच तपकिरी होऊन टिकतं, आणि मग ते भाजीत पडतं, लाडवात पडतं, गुरांपुढे पडतं. दारूही होते, पण तेवढ्यासाठीच मोहाचं नाव घेणाऱ्यांचा रेणुकाला भारी राग आहे.

रेणुका पलीकडून वेचत आली आणि बालाजीसमोर थांबली. मी तिथेच आहे याची तिला फिकीर नव्हती.

"तुमच्या आबांनी बारमाही पानी म्हनलं काल. खरं हाय का?"

बालाजीचा हात थांबला. माझाही. या एका प्रश्नावर त्याची सोयरीक उभी होती, आणि हो म्हटलं असतं तर लग्नापर्यंत तरी कुणी बोअर मोजायला येणार नव्हतं.

"न्हाई," तो म्हणाला. "एक बोअर दिवाळीलाच बसतोय. दुसरा शिवरात्रीपतोर ओढून राहतोय. मग टँकर. आईला दोन घागरी डोक्यावर आनाव्या लागतात, टँकर आला न्हाई तर."

"मग आबा तसं का म्हनले?"

"पोरगी मिळंना म्हनून."

रेणुकाने मान हलवली आणि पुन्हा वेचायला लागली. बालाजी माझ्याकडे बघून ओशाळं हसला. मला त्याचा राग आला, अभिमान वाटला आणि रडूही आलं, तिन्ही एकदम. चौतिसाव्या वर्षी जमत आलेलं लग्न स्वतःच्या हाताने मोडणारा हा पोरगा माझ्या भावाचा, यावर माझा विश्वास बसेना.

भर जेवणात

दुपारी पंगत बसली. आमच्याकडे असतं तर मुलीचं म्हणणं तिच्या मामाने नंतर फोनवर, गोलगोल शब्दांत कळवलं असतं. इथे रेणुका वाढता वाढता थांबली आणि सगळ्यांसमोर बोलली.

"मला चाकूरला यायचं न्हाई. पान्यासाठी घागरी वाहायला मी जानार न्हाई." दादाचा चेहरा काळवंडला. बालाजीला त्याने डोळ्यांनी जाळलं, कारण ही बातमी वाऱ्याने नव्हे, पोरानेच नेली हे त्याला कळलं. रेणुकाचं संपलं नव्हतं. "पन मानूस चांगला हाय. खरं बोल्ला. त्येंना हिकडं ऱ्हायचं आसंल, तर माझी ना न्हाई."

व्यंकटराव घास तसाच धरून बसले. घरजावई हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण तो पंगतीत येऊन बसला होता. आमच्या भागात हा शब्द निघाला की बायका पदराआड हसतात आणि पुरुष उघड हसतात. रेणुकाची आई तेवढी शांत होती. "आमच्या शेजारी गोंडांत किती पोरं सासुरवाडीला राहून रान करतेत. कोन हसत न्हाई," ती म्हणाली आणि बालाजीच्या पानात भात वाढला.

बालाजी म्हणाला, "मी ऱ्हातो."

दादा हात धुवून उठला आणि चप्पल न घालता बाहेर गेला.

विहिरीवर

मी त्याची चप्पल हातात घेऊन मागे गेले. तो व्यंकटरावांच्या रानात विहिरीच्या काठावर बसलेला सापडला. विहीर दगडांनी बांधलेली, पाणी वाकून बघावं लागत नाही इतकं वर. बाजूला भुईमूग हिरवा होता. कुंपणाला रानडुकरांसाठी जुन्या साड्या बांधल्या होत्या, एक कोपरा तरीही उकरलेला होता.

"माझं रान कोन करील?" दादा म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"बटईनं दे. पावसाळ्याला बालाजी येऊन-जाऊन बघील."

"लोक म्हनतील, माधवरावाचं पोरगं सासऱ्याची डुकरं हाकायला गेलं."

"लोक आत्ता काय म्हणतात ते तुला माहीत आहे का?" मी म्हटलं. मला राहवलं नाही. "म्हणतात, माधवरावाचं पोरगं बिनलग्नाचं म्हातारं होणार. तुझ्या रानाला उद्या नातू लागणार आहे की नाही? बोअरच्या खड्ड्यात नातू उगवत नाहीत, दादा."

मास्तरीणबाई बोलल्याच. दादा चिडला नाही. त्याने खाली वाकून हात पाण्यात घातला आणि मनगटापर्यंत तसाच ठेवला. "मला ठाव हाय त्यानं कामून सांगितलं," तो म्हणाला. "त्याच्या आईच्या मानेचं दुखनं आता डॉक्टरलाबी कळंना. त्ये बघतंय ना रोज." मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी आमचा बाप गेला तेव्हाही दादा रडलेला मला आठवत नाही. त्याने ओल्या हातानेच तोंड पुसलं, चप्पल घातली आणि आम्ही घराकडे निघालो. वाटेत तो भुईमुगाच्या वाफ्यात शिरून एक डहाळा उपटून शेंगा बघून आला.

संध्याकाळी त्याने कुणाशी काही बोलणी केली नाहीत. व्यंकटरावांनी किनवटचा बाजार, सोयाबीनचा भाव, डोंगरातून होणारा नवा रस्ता असे विषय काढून पाहिले. दादा हं हं करत राहिला. बालाजी जंगूबाईची फुलं वाळत घालायला गेला होता, तो जेवायलाच आला. रेणुकाच्या आईने मोहाचे लाडू पुढे ठेवले. दादाने एक खाल्ला, एक मोडून ठेवला. त्याच्या मनात काय चाललंय हे सख्ख्या बहिणीलाही कळेना, आणि मी अंथरुणावर पडून ठरवून टाकलं की हेही स्थळ गेलं.

निघताना

सकाळी रेणुकाच्या आईने माझी खणानारळाने ओटी भरली. ओटी भरली म्हणजे होकार असं आमच्याकडे नाही, तिकडेही नाही. पाहुणीला तशीच पाठवत नाहीत एवढंच. जीप आता रस्त्याच्या कडेला, उन्हात उभी होती. बालाजी पिशव्या ठेवत होता. रेणुका दारात होती. सगळे दादाच्या तोंडाकडे बघत होते, तोच आमच्यात वडीलधारा.

दादा व्यंकटरावांच्या समोर गेला. टोपी काढली, पुन्हा घातली. आणि हात जोडले. आमच्याकडे मुलाचा बाप हात जोडत नाही.

"पाव्हणं, पोरगं भोळं हाय," तो म्हणाला. "एकुलतं हाय, आईनं लाडात वाढवलंय. तुमच्याकडच्या रीतीभाती त्याला ठाव न्हाईत. काही चुकलं-माकलं तर पदरात घ्या."

मी आयुष्यात कितीतरी लग्नांना गेले असेन. हे बोल मी दर लग्नात ऐकलेत, मांडवाच्या दाराशी, आणि दर वेळी मुलीच्या बापाच्या तोंडून. व्यंकटरावांनाही ते पाठ असणार. रेणुका जन्मली त्या दिवसापासून त्यांनी ते कुणाला तरी म्हणायचे म्हणून मनात धरून ठेवले असतील. ते आज त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकले. व्यंकटराव दादाचे जोडलेले हात आपल्या हातात धरून उभे राहिले.

रेणुकाची आई पुढे झाली. "काळजी करू नका, भाऊ," ती म्हणाली. "आमच्या लेकरावानी ठिवू."